उन्माद दिसला म्हणजे बायपोलर असेलच असे नाही

उन्माद ही एक अवस्था आहे. झोप तीन तासांवर येते तरी थकवा जाणवत नाही, बोलणे थांबत नाही, एक विचार पुरा होण्याआधी दुसरा सुरू होतो, पैसा पाण्यासारखा खर्च होतो आणि आपल्याला काहीच अशक्य नाही अशी ठाम खात्री वाटू लागते. ताप मलेरियाचा असतो, डेंग्यूचा असतो किंवा विषमज्वराचा असतो, आणि तो कशाचा हे नुसत्या थर्मामीटरवरून सांगता येत नाही. उन्मादाचेही तसेच आहे. बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवीय भावविकार, हे त्याचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे आणि मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळ्यांवर तो गेली अनेक वर्षे नोकरी आणि संसार नीट सांभाळून आहे. त्याच्यामुळे मी शुभंकरांच्या, म्हणजे मनोरुग्णांची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, एका गटात जाऊ लागले. तेथे येणाऱ्या कुटुंबांचे बोलणे ऐकताना लक्षात आले की काहींच्या केस पेपरवर हे निदान लिहिलेले असते, पण त्यांनी सांगितलेली हकीकत आमच्या घरच्या हकीकतीशी कोठेच जुळत नाही. मी डॉक्टर नाही. पण या विषयावर जे वाचले, तज्ज्ञांना विचारून जे समजून घेतले आणि जे जवळून पाहिले, ते येथे मांडते आहे.

पहिला प्रश्न काळाचा आहे. मनोविकारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-५ या २०१३ च्या अमेरिकन नियमावलीनुसार उन्मादाची अवस्था किमान एक आठवडा, दिवसातील बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज टिकावी लागते. रुग्णाला दाखल करण्याची वेळ आली, तर मात्र ही मुदत लागू राहत नाही. सौम्य उन्मादासाठी सलग चार दिवस आणि नैराश्याच्या झटक्यासाठी दोन आठवडे अशी मर्यादा आहे. शिवाय २०१३ पासून नुसता आनंद किंवा चिडचिड पुरेशी मानली जात नाही, तर त्याच्या जोडीने माणसाची ऊर्जा किंवा हालचाल नेहमीपेक्षा स्पष्टपणे वाढलेली असावी लागते. सकाळी हसणारा माणूस दुपारी रडतो आणि रात्री पुन्हा मोकळा होतो, हे वर्णन लोक सर्रास ‘बायपोलर’ म्हणून सांगतात. खरे तर एवढ्या वेगाने बदलणारी मनःस्थिती ऐकली की जाणकार डॉक्टरांच्या मनात आधी वेगळ्याच शक्यता येतात. आमच्या भावाचा पहिला उन्माद सव्वा महिना चालला होता आणि त्यानंतरचे नैराश्य पुढचा पावसाळा संपेपर्यंत हटले नव्हते. बहुतेक रुग्णांच्या घरी असाच आठवड्यांचा आणि महिन्यांचा हिशेब ऐकायला मिळतो.

हा आजार काळावरून ओळखायचा, ही कल्पना जुनी आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत उन्माद आणि नैराश्य यांना एकाच आजारात गुंफले आणि पुढे स्किझोफ्रेनिया म्हणून ओळखल्या गेलेल्या, भास आणि भ्रम होणाऱ्या आजारापासून तो वेगळा काढला, तेव्हा त्यांचा आधार रुग्ण त्या दिवशी कसा दिसतो हा नव्हता. रुग्णाचे पुढे काय होते, मधल्या काळात तो पूर्ववत होतो का, आजार परत येतो तेव्हा कोणत्या रूपात येतो, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या होत्या. पुढे हे सूत्र अनेक ठिकाणी सुटले आणि त्याचे परिणाम मोठे झाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क आणि लंडन येथील मनोरुग्णालयांची तुलना करणारा एक प्रकल्प हाती घेतला गेला, कारण अमेरिकेत स्किझोफ्रेनियाचे निदान फार होत होते आणि इंग्लंडमध्ये उन्माद-नैराश्याचे. दोन्हीकडच्या रुग्णांना एकाच पद्धतीने प्रश्न विचारल्यावर दोन शहरांतील हा फरक बराचसा विरला. रुग्ण पुष्कळसे सारखेच होते. वेगळी होती ती डॉक्टरांची सवय. उन्मादात भास आणि भ्रम होऊ शकतात हे आजही विसरले जाते आणि आपल्याकडेही असा रुग्ण प्रथम स्किझोफ्रेनियाच्या औषधांवर वर्षानुवर्षे राहतो.

म्हणजे चूक दोन्ही दिशांनी होते, आणि तसे आकडेही आहेत. अमेरिकेत बायपोलर असलेल्या रुग्णांच्या एका पाहणीत, जिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, ६९ टक्के लोकांनी सांगितले की आपले निदान आधी चुकले होते. त्यांना बहुतांशी साधे नैराश्य आहे असे सांगितले गेले होते. एक तृतीयांशाहून अधिक लोकांना योग्य निदान मिळण्यासाठी दहा किंवा त्याहून जास्त वर्षे थांबावे लागले. याच्या उलट, अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील मनोविकारतज्ज्ञ मार्क झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागातील ७०० जणांची सविस्तर मुलाखत घेतली. त्यांतील १४५ जणांना पूर्वी कोणीतरी बायपोलर असल्याचे सांगितले होते. मुलाखतीनंतर त्यांच्यापैकी निम्म्यांहून कमी जणांच्या बाबतीत ते निदान टिकले. हा अभ्यास २००८ चा आहे. दोन्ही आकडे परदेशातले आहेत, तरी गर्दीच्या ओपीडीत दहा मिनिटांची भेट मिळणाऱ्या आपल्या रुग्णांची स्थिती याहून बरी असेल असे मानायला मला काही कारण दिसत नाही.

आता शरीराकडे येते, कारण माझ्या मते सर्वांत आधी तेथेच पाहायला हवे. माझ्या मावशीला वयाच्या साठीनंतर पेम्फिगस नावाचा, अंगावर फोड येणारा त्वचेचा आजार झाला आणि तिला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या मोठ्या डोसवर ठेवण्यात आले. दुसऱ्या आठवड्यात ती पहाटे दोन वाजता नातेवाइकांना फोन करू लागली, गावाकडची जमीन विकून मुलींचे वसतिगृह काढायचे तिने ठरवले आणि विरोध करणाऱ्या काकांवर संशय घेऊ लागली. जवळच्या दवाखान्यात बायपोलरचे निदान झाले आणि घरात कोणालाही ते खोटे वाटले नाही, कारण भाचा त्याच आजाराचा होता. कुटुंबात आजार असणे हा महत्त्वाचा धागा आहे हे खरे. पण तोच धागा पकडला की बाकीचे प्रश्न विचारायचे राहून जातात. दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्या सगळ्या औषधांची यादी मागितली. त्वचारोगतज्ज्ञांशी बोलून स्टेरॉइड हळूहळू उतरवले गेले, काही आठवडे एक शामक औषध दिले गेले आणि मावशी पूर्वीसारखी झाली. त्यानंतर असे काही पुन्हा घडलेले नाही.

स्टेरॉइडचा हा परिणाम वैद्यकाला चांगला ठाऊक आहे. बॉस्टनमधील औषधनिरीक्षण प्रकल्पाने १९७२ मध्ये दाखवले होते की रोज ४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी प्रेडनिसोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के, ४१ ते ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ४.६ टक्के आणि ८० मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांपैकी तब्बल १८.४ टक्के रुग्णांना मानसिक लक्षणे आली. २०२१ मधील कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात किती घरांत स्टेरॉइड पोहोचले होते हे आठवले, तर या आकड्यांचा अर्थ ध्यानात येतो. दमा, संधिवात आणि मूत्रपिंडाच्या काही आजारांतही ही औषधे द्यावी लागतात. सांधेदुखीवर म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले आढळते आणि रुग्णाला आपण ते घेत आहोत याचा पत्ताही नसतो. अशा वेळी ते एकदम बंद करणेही धोक्याचे असते, कारण शरीराने स्वतःचे नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, बनवणे कमी केलेले असते. म्हणून उतरवण्याचे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे लागते.

थायरॉइडबद्दल बोलावे तेवढे थोडे आहे. ग्रंथी जास्त काम करू लागली की माणूस अस्वस्थ, चिडचिडा आणि बडबडा होतो, त्याची झोप उडते. सोबत छातीत धडधड, हातांना कंप, घाम, आणि भूक चांगली असूनही वजन घटणे ही चिन्हे असतात. ग्रंथी मंदावली की सुस्ती, जडपणा आणि उदासी येते. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत काही स्त्रियांची ग्रंथी आधी वेगाने आणि मग मंद चालते, आणि तेव्हा ही दोन्ही चित्रे एकामागून एक दिसू शकतात. थायरॉइडचे काम तपासणारी टीएसएच ही रक्तचाचणी तालुक्याच्या गावीही होते आणि फार खर्चीक नाही. लिथियम स्वतःच थायरॉइड मंद करू शकत असल्यामुळे हे औषध सुरू करताना आणि नंतरही ती करावीच लागते. ती न करता निदान लिहिले गेलेले केस पेपर मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग आला आहे.

औषधे आणि शारीरिक आजार यांमुळे येणाऱ्या उन्मादाला क्राउथॅमर आणि क्लेरमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९७८ मध्ये ‘दुय्यम उन्माद’ असे नाव दिले. त्याची यादी लांब आहे. क्षयाच्या उपचारांचा यात एक विलक्षण इतिहास आहे: १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड दिलेले क्षयरुग्ण एकाएकी उत्साही आणि आनंदी झाले, आणि त्यातूनच नैराश्यावरील औषधांचा एक वर्ग जन्माला आला. त्याच कुळातले आयसोनियाझिड आजही आपल्याकडे क्षयाच्या जवळजवळ प्रत्येक नव्या रुग्णाला दिले जाते आणि क्वचित कोणाला त्यातून भ्रम किंवा उन्माद होतो. पार्किन्सनच्या आजारावरचे लेव्होडोपा हे औषध, गांजा, भांग, उत्तेजक पदार्थ आणि दारू सोडल्यानंतरचे काही दिवस यांचाही विचार व्हायला हवा. एचआयव्ही आणि जुना उपदंश (सिफिलिस) यांच्या तपासण्या संकोचामुळे टाळल्या जातात. तो संकोच डॉक्टरांनीच मोडायला हवा, रुग्णाकडून ती अपेक्षा करू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे किती पसरलेली आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. तिच्यामुळे उन्माद येणे विरळा असले, तरी उदासी, चिडचिड, विसराळूपणा आणि हातापायांना मुंग्या ही लक्षणे सामान्य आहेत, आणि शाकाहारी घरातील रुग्णाची ही पातळी न तपासणे मला योग्य वाटत नाही.

मेंदूचे काही आजार याहून गंभीर असतात, आणि तेथे उशीर महाग पडतो. स्पॅनिश मज्जासंस्थातज्ज्ञ जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वर्णन केलेल्या एका मेंदूदाहात रोगप्रतिकारशक्ती मेंदूतील एनएमडीए ग्राहकांवरच, म्हणजे पेशींवरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनांवरच, हल्ला करते. रुग्ण पुष्कळदा तरुण स्त्री असते; आधी ताप किंवा डोकेदुखी, मग निद्रानाश, भ्रम, आक्रमकता, आणि काही आठवड्यांतच आकडीचे झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, वाचा कमी होणे अशी चढती भाजणी दिसते. काही जणींच्या बीजांडकोशात गाठ सापडते. उपचार रोगप्रतिकारशक्ती आवरण्याचा असतो आणि तो वेळेवर मिळाला तर बहुतेक रुग्ण सुधारतात. विल्सनच्या आजारात यकृतात आणि मेंदूत तांबे साचते; अक्षर बिघडणे, बोलण्यात अडखळणे, कंप आणि स्वभावातला बदल ही त्याची तरुण वयातली चिन्हे असून डोळ्यांच्या तपासणीत बुबुळाभोवती तपकिरी कडे दिसू शकते. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्याशिवाय हा आजार होत नाही, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या आपल्या भागात तो लक्षात ठेवला पाहिजे. वयाचा प्रश्नही येथेच येतो. बायपोलर बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो. पन्नाशी उलटलेला, आयुष्यभर संयमाने वागलेला माणूस प्रथमच बेबंद वागू लागला, त्याला लाजलज्जा उरली नाही, गोडाची हाव सुटली, जवळच्यांच्या दुःखाने तो हलेनासा झाला, तर मेंदूच्या पुढच्या भागाचा स्मृतिभ्रंश सुरू झालेला असू शकतो. उन्माद उतरतो आणि माणूस परत येतो; हा बदल मात्र वर्षागणिक वाढत जातो.

शरीर निर्दोष ठरले तरी प्रश्न संपत नाही. एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवता न येण्याची आणि अतिचंचलतेची अवस्था, बायपोलरशी फार सहज गल्लत होण्याजोगी आहे, कारण बडबड, उतावळेपणा, अर्धवट सोडलेली कामे आणि बेहिशेबी खर्च दोन्हीकडे असतात. फरक असा की एडीएचडी बाराव्या वर्षाच्या आतच दिसू लागते आणि मग सतत असते. तिला झटके नसतात आणि उतारही नसतो. जुनी प्रगतिपुस्तके जपून ठेवलेल्या घरांत वर्गशिक्षकांचा शेरा याबाबतीत मोठा पुरावा ठरतो. अमेरिकेत १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुलांच्या आणि किशोरांच्या बाबतीत बायपोलरचे निदान सुमारे चाळीस पटींनी वाढले. सतत चिडणाऱ्या मुलांवर हे निदान लादले जाऊ नये, हा २०१३ च्या नियमावलीत त्यांच्यासाठी वेगळे निदान आणण्यामागचा एक हेतू होता.

सीमावर्ती (बॉर्डरलाइन) व्यक्तिमत्त्व विकाराची बायपोलरशी गल्लत सर्वांत जास्त होते, आणि तिचे नुकसानही मोठे आहे. येथे मनःस्थिती काही तासांत पालटते आणि पालटण्यामागे बहुधा एखादा प्रसंग असतो: न उचललेला फोन, मैत्रिणीचा तुटक निरोप, सोडून दिले जाण्याची भीती. आतून सतत रितेपणा जाणवतो आणि स्वतःला इजा करण्याकडे कल असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीसारखी दीर्घ आणि शिस्तबद्ध मानसोपचार पद्धती या लोकांना उपयोगी पडते. निदान चुकले तर त्यांच्या वाट्याला गोळ्यांमागून गोळ्या येतात आणि खरी मदत दूरच राहते. काहींना हे दोन्ही विकार एकत्र असतात, त्यामुळे एकाच भेटीत निकाल लावण्याची घाई करणाऱ्या डॉक्टरांपेक्षा ‘अजून काही महिने पाहू’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरांवर माझा अधिक विश्वास बसतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात येणारे आणि पाळी सुरू होताच ओसरणारे तीव्र नैराश्य किंवा संताप हीदेखील स्वतंत्र स्थिती आहे, आणि सलग दोन पाळ्यांच्या रोजच्या नोंदींवरून तिची खात्री करता येते.

झोपेचा तपशील येथे फार उपयोगी पडतो. चिंतेने किंवा आघाताच्या आठवणींनी झोप उडालेला माणूस झोपेसाठी तळमळतो आणि दुसऱ्या दिवशी गळून जातो, तर उन्मादातील माणसाला झोपेची गरजच वाटत नाही. ‘झोप येत नाही’ या तक्रारीत या दोन्ही गोष्टी मावतात, म्हणून डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही तर घरच्यांनी तो आपणहून सांगावा.

मारहाण, अपमान किंवा बालपणीचे लैंगिक शोषण सोसलेल्या स्त्रीचा संताप आणि रडणे हा आजार ठरवून टाकण्याची घाई आपल्या समाजात होते, हे मला स्पष्टपणे लिहायचे आहे. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांमध्ये मानसिक विकाराचाही समावेश आहे, आणि सासरच्यांनी आणलेली चिठ्ठी हातात घेऊन हवालदिल झालेल्या मुली आमच्या गटात आल्या आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याबाबत निःसंदिग्ध आहे: एखादी व्यक्ती समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्यांप्रमाणे वागत नाही म्हणून तिला मानसिक आजार आहे असे ठरवता येत नाही, आणि पूर्वी कधी उपचार झाले होते एवढ्यावरून आज आजार आहे असेही मानता येत नाही.

उलट दिशेची चूक मी आमच्याच घरात पाहिली आहे. बायपोलरचे रुग्ण उन्मादापेक्षा नैराश्यात अधिक काळ असतात आणि डॉक्टरांकडे जातात तेही बहुधा नैराश्यातच, कारण सौम्य उन्मादाचे दिवस त्यांना स्वतःला उत्तम वाटत असतात. भावाला सुरुवातीला नुसत्या नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि त्यानंतर काही आठवड्यांत तो जो उधळला तो सव्वा महिना. हे सगळ्यांच्या बाबतीत घडते असे नाही, पण नैराश्याच्या प्रत्येक रुग्णाला ‘याच्या आधी कधी कमी झोपूनही फार उत्साहात असण्याचे दिवस आले होते का’ असे विचारायला दोन मिनिटे पुरतात, आणि तो प्रश्न रुग्णाला एकट्याला न विचारता आई, भावंडे किंवा जोडीदार यांनाही विचारायला हवा.

म्हणून मी प्रत्येक नव्या कुटुंबाला एक वही करायला सांगते. तिच्यात रोजची झोप किती तास झाली, मनःस्थिती कशी होती, पाळी कधी आली, कोणते औषध केव्हा सुरू झाले किंवा बदलले, आणि घरात त्या आठवड्यात काय घडले, एवढेच लिहायचे. मागच्या वर्षांचाही जमेल तसा आलेख आठवून काढायचा: पहिले आजारपण कोणत्या वयात झाले, किती टिकले, मध्ये माणूस पूर्ण बरा होता का. इतर दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, आयुर्वेदिक काढे, पुड्या, वजन कमी करण्याची औषधे, सगळे काही न लाजता डॉक्टरांसमोर ठेवायचे. चालू गोळ्या मात्र शंका आली म्हणून कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. लिथियम एकाएकी थांबवल्यास खऱ्या बायपोलरच्या रुग्णाला उन्माद उलटण्याचा धोका मोठा असतो, आणि मिरगी आवरणारी काही औषधे मूड स्थिर ठेवण्यासाठीही दिली जातात, ती अचानक तोडल्यास झटके येऊ शकतात. दुसरे मत घ्यायचे असेल तर आधीचे कागद बरोबर असणे आवश्यक आहे, आणि स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळणे हा २०१७ च्या त्याच कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे, तेव्हा त्या मागायला संकोच करू नये. जवळ तज्ज्ञ नसेल तर टेली-मानस या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.